‘रन’ म्हणजे धावणे, एवढंच? : एका क्रियापदाचे अनेक अर्थ



आज इंग्रजीतल्या एका छोट्याशा क्रियापदाबद्दल लिहायचं आहे. हे क्रियापद आपण सगळेच पहिलीत शिकवतो. चित्रकार्डावर एक पळणारा मुलगा असतो, वर ‘रन’ लिहिलेलं असतं, खाली ‘धावणे’. मुलं एका सुरात म्हणतात, ‘रन म्हणजे धावणे’. आपण पुढचं कार्ड उचलतो. ‘वॉक म्हणजे चालणे’. झालं. मीही गेली अकरा वर्षं असंच शिकवत आले. त्यात काही चूक आहे असं कधी वाटलंच नाही. गेल्या वर्षी चौथीच्या वर्गात एक प्रसंग घडला आणि हे सगळं मुळापासून तपासावं लागलं.

‘माय फॅमिली’ या विषयावर प्रत्येकाने पाच वाक्यं बोलायची होती. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, अभ्यासात बरी, बोलायला थोडी लाजरी. तिची आई गावात पिठाची गिरणी चालवते. ती उभी राहिली, नाव सांगितलं, भावाचं नाव सांगितलं आणि मग अगदी अभिमानाने म्हणाली, “माय मदर वॉक अ फ्लोअर मिल.”

वर्ग हसला. आणि खरं सांगते, मलाही हसू आलं. मी तोंडावर हात धरला, पण तिने ते पाहिलं. ती खाली बसली. त्यानंतर जवळजवळ महिनाभर इंग्रजीच्या तासाला तिने तोंड उघडलं नाही. विचारलं की मान खाली.

घरी आल्यावर रात्री विचार करत बसले. ती चुकली कुठे? ‘गिरणी चालवणे’ यातलं ‘चालणे’ तिने उचललं, आणि चालणे म्हणजे ‘वॉक’ हे तर मीच तिला शिकवलं होतं. माझ्या कार्डाप्रमाणे ती अगदी बरोबर चालली होती. चुकलं होतं ते माझं कार्ड.

इंग्रज धावतो तिथं आपण चालतो

इथून पुढे मी ‘रन’ची मराठी वाक्यं जमवायला लागले. थोड्याच दिवसांत एक गंमत लक्षात आली. या क्रियापदाचा सगळ्यात कामाचा मराठी अर्थ ‘धावणे’ नाहीच, तो ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ हा आहे. दुकान चालतं. गिरणी चालते. शाळा चालते. मोटर चालते. बचत गट चालतो. घर चालवावं लागतं. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘रन’ येऊ शकतं. म्हणजे आपल्याकडे ज्या गोष्टी चालतात त्या इंग्रजीत धावतात! नाटक-सिनेमासुद्धा. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथेच ‘सीता स्वयंवर’ केलं. तेव्हापासून आजपर्यंत आपण ‘नाटक चाललं’ किंवा ‘पडलं’ असंच म्हणतो. इंग्रजीत तेच नाटक शंभर रात्री ‘रन’ होतं.

आपल्या भागाचं सगळ्यात मोठं उदाहरण तर इतिहासातलं आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ या काळात जुन्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चाललं. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागही तेव्हा त्यातच होता. गावोगावी न्यायदान, कमी खर्चाचे गांधी विवाह, तुफान सेना, हे सगळं इंग्रजांच्या नाकावर टिच्चून. आता हेच इंग्रजीत सांगायचं तर वाक्य होतं, ‘दे रॅन अ पॅरलल गव्हर्नमेंट’. हे वाक्य मी सातवीच्या एका हुशार मुलाला दिलं. तो म्हणाला, “ते समांतर सरकारकडे पळाले.” मी त्याला हसले नाही. एकदा हसून पाहिलं होतं. पण विचार करा, ज्या लोकांनी सरकार चालवलं त्यांना या पोराने पळवून लावलं, तेही फक्त एका कार्डावरच्या एका अर्थापायी. त्याचे पणजोबा कदाचित त्याच तुफान सेनेत असतील.

इथे व्याकरणाचा एक मुद्दा आहे, तो थोडा सविस्तर मांडते, कारण मुलांची खरी अडचण इथेच असते. मराठीत ‘गिरणी चालते’ आणि ‘आई गिरणी चालवते’ यांत फरक कळतो तो मधल्या ‘व’मुळे. बसणे-बसवणे, हसणे-हसवणे, पळणे-पळवणे. हा ‘व’ लागला की दुसरं कुणीतरी ते काम करून घेतंय हे मुलाला आपोआप समजतं. कुणी शिकवावं लागत नाही. इंग्रजीत ‘रन’ला असा ‘व’ नाही. ‘द मिल रन्स’ आणि ‘माय मदर रन्स द मिल’, दोन्हीकडे शब्द तोच. गिरणी पुढे आली की ती चालते, आई पुढे आणि गिरणी मागे आली की आई चालवते. सगळा अर्थ शब्दांच्या जागेवर. आपली मुलं इंग्रजीत तो ‘व’ शोधत राहतात आणि सापडला नाही की गोंधळतात. मी फळ्यावर ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि मुलांना विचारलं, “‘व’ कुठं गेला?” बराच वेळ शांतता. मग मागून एक आवाज आला, “मॅडम, आईनं नेला.” यापेक्षा चांगलं उत्तर मला डीएडलाही ऐकायला मिळालं नव्हतं.

उलटा धडाही आहेच. आपलं ‘चालवणे’ इंग्रजीत जाताना फुटतं. मी मुलांना घरून एक गोष्ट विचारून आणायला सांगितली, तुमच्या घरात कोण काय चालवतं? दुसऱ्या दिवशी वहीत रसवंती, खानावळ, दूध संकलन केंद्र, ट्रॅक्टर, सायकल, जेसीबी, शिलाई मशीन असं काय काय आलं. एकाने तर ‘आजोबा भिशी चालवतात’ असं लिहिलं. मग आम्ही त्याचे ढीग केले. ज्यावर बसून कुठेतरी जायचं आणि चाकं फिरवायची तो ट्रॅक्टर ‘ड्राइव्ह’. टांग टाकून बसायची ती सायकल ‘राइड’. जो धंदा किंवा संस्था सांभाळायची ती ‘रन’. रसवंती रन, खानावळ रन, भिशीसुद्धा रन. जेसीबीवर वाद झाला, कारण त्यावर बसतात पण जात कुठेच नाहीत, जागेवर खोदतात. त्याला ‘ऑपरेट’ हा शब्द मी दिला. शिलाई मशीन आम्ही सोडून दिलं, कारण मुलं म्हणाली की आई मशीन चालवत नाही, कपडे शिवते. बरोबरच आहे.

नदीचं वाक्य आणि माझी लाल रेघ

दुसरी चूकही माझीच. एका मुलाने ‘द रिव्हर रन्स थ्रू अवर व्हिलेज’ याचं मराठी केलं होतं, ‘नदी आमच्या गावातून धावते’. मी लाल शाईने ‘धावते’ खोडून ‘वाहते’ लिहिलं होतं. पोरगं दोन दिवसांनी वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आलं. मथळा होता गणपतीसाठी जादा गाड्या धावणार असा. “मॅडम, गाडीला तरी पाय कुठं असतात? गाडी धावली तर बरोबर, मग नदी धावली तर चूक का?”

याचं चटकन उत्तर देता येईना. आपण रेल्वे धावते म्हणतो, कुणी अडचणीत असलं की मदतीला धावून जातो, न्याय मिळाला नाही की कोर्टात धाव घेतो. म्हणजे आपल्या ‘धावणे’लाही पाय सुटलेले आहेतच, फक्त ते इंग्रजीपेक्षा वेगळ्या वाटेने गेले आहेत. मराठीत नदीसाठी ‘वाहणे’ हा स्वतंत्र शब्द असल्यामुळे ‘धावणे’ला तिकडे जायची गरज पडली नाही.

मग मी जरा शोधाशोध केली. जुन्या इंग्रजीत ‘रिन्नन’ असं क्रियापद होतं आणि त्यात धावणे व वाहणे असे दोन्ही अर्थ होते. जर्मन भाषेत आजही ‘रेनन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनन’ म्हणजे वाहणे, अशी दोन सख्खी भावंडं आहेत. तेव्हा माणूस धावतो हा मूळ अर्थ आणि नदी धावते ही नंतरची कवीकल्पना, असा जो माझा समज होता तो चुकीचा निघाला. पाणी या शब्दात पहिल्यापासूनच आहे. म्हणून तर इंग्रजीत नळ रन होतो, सर्दीने नाक रन होतं, मेणबत्तीचं मेण रन होतं, आणि नवा कपडा भिजवल्यावर त्याचा रंगही रन होतो. मराठीत मात्र नळाला पाणी येतं, नाक वाहतं, मेण ओघळतं आणि रंग जातो. चार जागी चार शब्द. अशा वेळी मला मराठीची श्रीमंती जाणवते आणि मुलांची कीवही येते, कारण चार शब्दांची सवय असलेल्या डोक्याला एकच शब्द चार ठिकाणी वापरायचा आहे.

आपल्याकडच्या मुलांना नदी वेगळी समजावून द्यावी लागत नाही. कृष्णा महाबळेश्वरला उगवते, वाईवरून येते, माहुलीला वेण्णा मिळते, कराडला कोयना, आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा. हा सगळा प्रवास एका ‘रन’मध्ये बसतो. पण २०१९ च्या ऑगस्टचा महापूर आठवा. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. माझं माहेर सांगली जिल्ह्यात नदीकाठी. तेव्हा मोबाइलवर इंग्रजी बातम्याही फिरत होत्या, त्यांत ‘रनिंग अबव्ह द डेंजर मार्क’ असे शब्द. माझ्या भाच्याने ते आजीला वाचून दाखवताना सांगितलं, “नदी धोक्याच्या खुणेवर पळायला लागलीय.” आजीला काही ते कळलं नाही. पाणी वाढतंय की उतरतंय, तेवढंच तिला हवं होतं, आणि त्या वाक्यात ते नव्हतंच. त्यात फक्त पाणी खुणेच्या वर आहे एवढं होतं. एका शब्दाचा अर्थ नीट कळणं कधीकधी एवढं महत्त्वाचं असतं.

खराखुरा धावण्याचा अर्थ

आता एवढं सगळं वाचून कुणाला वाटेल की कार्डावरचं ‘धावणे’ काढूनच टाकावं. नको. पहिला अर्थ तोच द्यायचा, कारण तो करून दाखवता येतो. शिवाय आपल्या भागात त्याला उदाहरणांची ददात नाही. पहाटे पाचला कुठल्याही रस्त्यावर जा, भरतीची पोरं १६०० मीटरची तयारी करताना दिसतील. ती ‘रनिंगला जातो’ म्हणतात, ‘धावायला जातो’ असं कुणी म्हणत नाही. शब्द मराठीच झाला आहे. माण तालुका म्हणजे कायमचा दुष्काळी, तिथल्या मोही गावची ललिता बाबर २०१५ मध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये आशियाई विजेती झाली आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीत धावून दहावी आली. ‘ललिता रॅन इन द फायनल’ हे वाक्य मी मुद्दाम शिकवते. एक तर मुलांना भूतकाळातलं ‘रॅन’ लक्षात राहतं, नाहीतर ती हमखास ‘रनड’ लिहितात. आणि ‘रन, रॅन, रन’ यातलं तिसरं रूप पहिल्यासारखंच आहे हेही इथेच सांगून टाकायचं.

आणि क्रिकेट. ‘किती रना झाल्या?’ हे मराठी ज्याला येत नाही तो आपल्या गावचा नाहीच. भारताने पहिली कसोटी जिंकली ती १९५२ मध्ये मद्रासला, त्या संघाचे कर्णधार विजय हजारे, जन्म सांगलीचा. सांगलीतच वाढलेली स्मृती मानधना, हिने २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून गुजरातविरुद्ध एकदिवसीय सामन्यात नाबाद २२४ धावा केल्या. मुली हे नाव ऐकून सरसावून बसतात. मी विचारलं, “स्मृतीने चौकार मारला तर ती किती धावते?” मुलं म्हणाली, “धावतच न्हाई मॅडम, उभी राहती.” “मग चार धावा कशा?” सगळे विचारात पडले. धावल्याशिवाय धावा! म्हणजे इथे ‘रन’ हा गुण झाला, धावणं मागेच राहिलं. एका शब्दाचा अर्थ कसा सरकत जातो हे चौथीच्या मुलाला यापेक्षा सोपं करून सांगता येईल असं मला वाटत नाही.

मराठीने इथे भाषांतर केलं ते ‘धाव’ असं सरळ. ‘रन आउट’चं मात्र ‘धावचीत’. यातला ‘चीत’ आपल्या आखाड्यातला. बाद होणारा फलंदाज आपण पैलवानासारखा पाठीवर पाडला. मला हा शब्द फार आवडतो. पण मुलांना सावध करावं लागतं, कारण ‘द पेट्रोल रॅन आउट’ याचं एका मुलाने ‘पेट्रोल धावचीत झालं’ असं केलं. तसं म्हटलं तर अगदीच चूक नाही! पेट्रोल संपलं. इंग्रजीत ‘रन’च्या मागे एक बारका शब्द लागला की अर्थ कुठल्या कुठे जातो. ‘रन अवे’ म्हणजे पळून जाणे, हे सोपं. ‘रन इनटू’ म्हणजे अचानक कुणी भेटणे, किंवा गाडी जाऊन आदळणे. ‘रन ओव्हर’ म्हणजे गाडीखाली येणे, तो अर्थ हायवेच्या कडेला राहणाऱ्या मुलांना दुर्दैवाने लगेच समजतो. प्राथमिकला याहून जास्त देऊ नका.

आणखीही अर्थ आहेत, पण ते घाईने सांगते. रस्ता रन होतो, आपल्याकडे तो ‘जातो’. अंगात ताप असला की इंग्रजीत टेंपरेचर रन करतात. एखादा गुण किंवा आजार घराण्यात असला की तो घराण्यात रन होतो, आपण ‘रक्तातच आहे’ म्हणतो. अमेरिकेत निवडणुकीला रन करतात, इंग्लंडात स्टँड करतात. आपण उभे राहतो, तेव्हा या बाबतीत आपण इंग्लंडच्या बाजूचे. एकूण अर्थ किती? ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या संपादकांनी मोजले तेव्हा क्रियापद म्हणून ‘रन’चे ६४५ अर्थ निघाले. त्यापूर्वी १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. हा आकडा मुलांना सांगायची गरज नाही. शिक्षकांनी मात्र लक्षात ठेवावा, म्हणजे ‘रन म्हणजे काय?’ असा सुटा प्रश्न विचारताना जीभ जरा अडखळेल.

पालकांशी झालेलं बोलणं

पालक सभेत एका वडिलांनी विचारलं, “मॅडम, ते अमुक शाळेत रोज दहा शब्द पाठ करून घेतात. तुम्ही एका शब्दावर आठवडा घालवता. आमच्या पोराचं कसं व्हायचं?” प्रश्न रास्त आहे. २००० सालापासून आपल्या राज्यात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी पालकांच्या मनातली भीती गेलेली नाही. पोरांना शाळेतून काढून दुसरीकडे घालायची बोलणी याच भीतीतून सुरू होतात. पट कमी झाला की शाळेचं काय होतं हे मी वेगळं सांगायला नको. पाठांतराला माझा विरोध नाही, पाढे पाठ केल्याशिवाय गणित येत नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं, “तुम्ही घरी वही तपासताना शब्द विचारू नका, वाक्य विचारा. ‘रन’ सांग असं म्हणू नका. ‘आपलं दुकान कोण चालवतं, इंग्रजीत सांग’ असं विचारा.” त्यांचं चौकात पंक्चरचं दुकान आहे. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या आठवड्यात त्यांचा मुलगा येऊन म्हणाला, “माय फादर रन्स अ पंक्चर शॉप.” इंग्लंडात असं म्हणतात की नाही याच्याशी मला काही देणंघेणं नाही. मी त्याला शाबासकी दिली.

वर्षभरात चौथीला मी ‘रन’चे पाचच अर्थ घेते. धावणे, धाव, चालवणे, वाहणे आणि संपणे. प्रत्येक अर्थासाठी मुलाच्या घरातलं किंवा गावातलं एक वाक्य. तेच वाक्य वर्षभर टिकवायचं, बदलायचं नाही. नवीन वाक्य भेटलं की मुलांनी ठरवायचं हे कुठल्या वाक्याच्या शेजारी बसेल. कधीकधी ती चुकीच्या शेजारी बसवतात, बसवू द्या.

आणि ती मुलगी? मी वर्गासमोर तिला सांगितलं की तू बरोबर विचार केला होतास, मीच शब्द अर्धा शिकवला होता. ती लगेच काही खुलली नाही. पण ‘कोण काय चालवतं’ या वहीच्या दिवशी तिचा हात वर गेला. “माय मदर रन्स अ फ्लोअर मिल.” अगदी हळू, पण ‘रन्स’मधला शेवटचा ‘स’सुद्धा होता. पुढे गिरणीवर दळण घेऊन गेले तेव्हा तिच्या आईला हे सांगितलं आणि इंग्रजीत ‘रन’ म्हणजे पळणंही होतं, तेही सांगितलं. पिठाने पांढरे झालेले हात पदराला पुसत ती म्हणाली, “मग बरूबर हाय की बाई. सकाळधरनं पळतीच हाय मी.”

एक प्रश्न मात्र माझ्याकडे अजून शिल्लक आहे. वर्गातल्या एका पठ्ठ्याने विचारलं, “मॅडम, ‘चालतंय की’ला इंग्रजीत काय म्हणायचं?” तिथे ‘रन’ नक्कीच बसत नाही. ‘दॅट्स फाइन’ सांगून पाहिलं, मुलांना ते पटलं नाही. त्यात ‘की’ नाही म्हणाले. कुणाला सुचलं तर जरूर सांगा.